स्टॅन्ली कप जिंकल्यावर कोण राहणार, कोण जाणार: उन्हाळ्याचा हिशेब स्वतः कसा मांडायचा

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या एनएचएल या लीगमध्ये कप जिंकलेला संघ पुढच्या ऑक्टोबरात तसाच्या तसा बर्फावर उतरत नाही. मिरवणूक आटोपते न आटोपते तोच चार-सहा जण दुसऱ्या शहराची जर्सी हातात धरून फोटोला उभे दिसतात, आणि आइस हॉकी नव्याने पाहू लागलेल्याला वाटतं, व्यवस्थापनाने घात केला. बहुतेक वेळा तसं काही नसतं. लीगच्या 32 संघांना पगाराची एकच कमाल मर्यादा आहे, तिला ‘सॅलरी कॅप’ म्हणतात, आणि दंड भरून ती ओलांडायची सोय नाही. कप जिंकला की संघातल्या झाडून सगळ्यांचा भाव वाढतो, मर्यादा मात्र सगळ्या संघांना असते तेवढीच राहते. मग कोणीतरी जाणारच.

खरा प्रश्न कोणाला जाऊ द्यायचं हा. आमचं मत असं की विजेत्या संघाचा उन्हाळा मधल्या फळीवरून जोखावा. बड्या खेळाडूंना कोणताही संघ धरून ठेवतो. तिसऱ्या फळीतल्या (तीन-तीन आघाडीपटूंच्या चार तुकड्यांपैकी तिसरीतल्या) लाडक्या माणसाला वेळेवर निरोप देणं आणि त्याच्या जागी स्वस्तातला योग्य माणूस आणणं, यात व्यवस्थापकाचं कसब दिसतं. हे पटवून घ्यायला कागद, पेन्सिल आणि तासाभराची सवड पुरते.

आधी तारखा लिहून घ्या

विजेत्या संघाकडे वेळ सगळ्यात कमी असतो. 2024 मध्ये फ्लोरिडा पँथर्सने एडमंटन ऑयलर्सविरुद्धचा सातवा सामना 24 जूनला 2-1 असा जिंकला. 28 जूनला ड्राफ्ट, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंची संघवार निवड, सुरू झाला आणि 1 जुलैला करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडला. म्हणजे उणापुरा आठवडा. प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत हरलेल्या संघांना याच कामासाठी दोन महिने मिळाले होते.

तीन मुदती महत्त्वाच्या. करार विकत घेऊन मोडण्याची, म्हणजे बायआउटची खिडकी 15 जून किंवा अंतिम सामन्यानंतरचे 48 तास, यातलं जे उशिरा येईल तेव्हा उघडते आणि 30 जूनला बंद होते. तरुण खेळाडूंवरचा हक्क राखायला द्यावी लागणारी क्वालिफाइंग ऑफर जूनच्या अखेरीस जाते. आणि 1 जुलैला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी बारा वाजता, म्हणजे भारतात रात्री साडेनऊला, मोकळे झालेले खेळाडू कुणाशीही करार करू शकतात. पहिल्या दोन-तीन तासांत बहुतेक मोठी नावं संपतात, त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या चाहत्याला यासाठी जागरणसुद्धा करावं लागत नाही.

पगाराचा तक्ता

एका कागदावर 23 ओळी आखा. हंगामात संघाकडे जास्तीत जास्त 23 सक्रिय खेळाडू असतात. सामन्याला त्यातले 20 उतरतात, 18 मैदानी खेळाडू आणि दोन गोलरक्षक. प्रत्येक नावापुढे त्याची ‘कॅप हिट’ लिहा: कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं. सॅम बेनेटने 2025 मध्ये फ्लोरिडाशी आठ वर्षांचा 6 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला, म्हणून त्याची कॅप हिट दर वर्षी 80 लाख. एखाद्या वर्षी त्याच्या हातात प्रत्यक्ष किती पडतात ते वेगळं असू शकतं. मर्यादेच्या हिशेबात हीच सरासरी धरतात. नवखे इथेच फसतात, बातमीतला त्या वर्षाचा पगार तक्त्यात घालतात आणि बेरीज चुकते.

2025-26 ची मर्यादा 9 कोटी 55 लाख डॉलर. 23 जणांत वाटली तर माणशी साडेएकेचाळीस लाख. आता फ्लोरिडाचा त्याच हंगामाचा खरा तक्ता मांडा. बार्कोव्ह 1 कोटी, गोलरक्षक बोब्रोव्स्की 1 कोटी, मॅथ्यू टकाचुक 95 लाख, राइनहार्ट 86 लाख 25 हजार, बेनेट 80 लाख, व्हरहेगी 70 लाख, सेथ जोन्स 70 लाख, एकब्लाड 61 लाख, फोर्सलिंग साडेसत्तावन्न लाख, मार्शांड साडेबावन्न लाख, लुंडेल 50 लाख. अकरा जणांची बेरीज 8 कोटी 22 लाख 25 हजार. उरलेल्या बारा जणांसाठी 1 कोटी 33 लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी 11 लाख. त्या हंगामात किमान पगारच 7 लाख 75 हजार होता. ही एक बेरीज केली की तिसऱ्या जोडीतला बचावपटू नेट श्मिट कप जिंकल्यावर युटाला का गेला, ते कुणाला विचारावं लागत नाही: आदल्या वर्षी तो 8 लाखांत खेळला होता, युटाने त्याला वर्षाला 35 लाख देऊ केले.

यादीतला जोन्सचा आकडाही पाहून ठेवा. त्याची मूळ कॅप हिट 95 लाख. शिकागोने ट्रेड (दुसऱ्या संघाशी खेळाडूंची अदलाबदल) करताना त्यातले 25 लाख स्वतःकडे ठेवले. विकणारा संघ जास्तीत जास्त निम्मा भार राखू शकतो आणि असे एका वेळी तीनच करार बाळगू शकतो. तक्ता करताना मूळ आकडा उचलला तर बेरीज खोटी ठरते.

न खेळणाऱ्यांचा पैसा

23 ओळींखाली आणखी चार-पाच ओळी मोकळ्या सोडा. इथे अशा रकमा येतात ज्यांच्या बदल्यात बर्फावर कोणी उतरत नाही.

पहिली बायआउटची. समजा एखाद्याची दोन वर्षं उरली आहेत, वर्षाला 60 लाख. एकूण 1 कोटी 20 लाख. खेळाडू 26 किंवा त्याहून मोठा असेल तर दोन-तृतीयांश, म्हणजे 80 लाख, दुप्पट काळात द्यायचे: चार वर्षं, दर वर्षी 20 लाख. पहिली दोन वर्षं 40-40 लाख वाचतात, पुढची दोन वर्षं 20-20 लाखांचं ओझं राहतं. 26 च्या आतल्या खेळाडूला एक-तृतीयांशच द्यावे लागतात. पगार दर वर्षी कमी-जास्त असेल तर गणित किचकट होतं. अंदाजासाठी एवढं पुरे.

दुसरी, खालच्या लीगमध्ये धाडलेल्याची. महागड्या खेळाडूला एएचएलमध्ये पाठवलं की सगळी रक्कम सुटते हा गैरसमज आहे. किमान पगार अधिक 3 लाख 75 हजार एवढीच सूट मिळते, 2025-26 मध्ये 11 लाख 50 हजार. 35 लाखांचा माणूस खाली पाठवला तरी साडेतेवीस लाख तक्त्यात राहतात. शिवाय वेव्हर्सच्या, म्हणजे खाली पाठवण्याआधी इतर संघांपुढे त्याला ठेवण्याच्या, 24 तासांत दुसरा कुठलाही संघ त्याला फुकट उचलू शकतो.

तिसरी ओळ बोनसची, आणि शिकागो ब्लॅकहॉक्सचं 2010 चं घोडं इथेच पेंड खाल्लं. जूनमध्ये त्यांनी 1961 नंतरचा पहिला कप जिंकला. टेव्झ आणि केन यांचे सुरुवातीचे स्वस्त करार त्याच उन्हाळ्यात संपून दोघांचे 63-63 लाखांचे नवे करार सुरू होत होते. त्यातच जुन्या करारांतले कामगिरीचे बोनस मर्यादेबाहेर गेले आणि सुमारे 40 लाखांचा बोजा पुढच्या वर्षावर आला. आदल्या उन्हाळ्यात क्वालिफाइंग ऑफर वेळेत पोहोचल्या नव्हत्या, त्यामुळे व्हर्स्टीगसारख्यांना चढ्या दराने करार द्यावे लागले होते, तेही डोक्यावर होतंच. मर्यादा 5 कोटी 94 लाख. परिणाम असा की बफ्लिन, ईगर आणि सोपेल अटलांटाला, पाठोपाठ लॅडही अटलांटाला, व्हर्स्टीग टोरांटोला. गोलरक्षक ह्युएला 56 लाखांचा करार असताना स्वित्झर्लंडला खेळायला पाठवलं, तेव्हा ती पळवाट चालत होती. पुढचा हंगाम शिकागोने वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगच्या पश्चिम अर्ध्यात, जेमतेम आठव्या क्रमांकावर संपवला आणि पहिल्याच फेरीत व्हँकुव्हरकडून सातव्या सामन्यात हार खाल्ली. पण केन, टेव्झ, कीथ, सीब्रुक, होसा टिकले, आणि 2013 व 2015 ला कप पुन्हा आला. त्या वेळी शिव्या खाल्लेला तो उन्हाळा मुळात बरोबर होता.

एक सवलत लक्षात ठेवा: 1 जुलैपासून सराव शिबिर संपेपर्यंत संघ मर्यादेच्या 10 टक्के वर राहू शकतो. जुलैत बेरीज जास्त दिसली म्हणून घाबरू नका. हंगाम सुरू होताना ती बसली पाहिजे.

ज्यांचा करार संपला त्यांचे दोन ढीग

पहिल्या ढिगात अनरिस्ट्रिक्टेड फ्री एजंट: वय 27 पूर्ण किंवा लीगमध्ये सात हंगाम. हे कुठेही जाऊ शकतात. दुसऱ्या ढिगात रिस्ट्रिक्टेड, म्हणजे तरुण, ज्यांच्यावर संघाचा हक्क असतो. त्यांना मुदतीत क्वालिफाइंग ऑफर दिली नाही तर तेही मोकळे होतात.

दुसरा ढीग सुरक्षित समजू नका. दुसरा संघ तुमच्या तरुण खेळाडूला ऑफर शीट देऊ शकतो. तुमच्याकडे सात दिवस असतात, तेवढ्यात ती रक्कम स्वतः द्या नाहीतर ठरलेले ड्राफ्ट पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) घेऊन त्याला सोडा. भरपाई रकमेच्या टप्प्यांनुसार ठरते. ऑगस्ट 2024 मध्ये सेंट लुईस ब्लूजने एडमंटनच्या दोघांना एकाच दिवशी गाठलं: बचावपटू ब्रोबर्गला वर्षाला 45 लाख 80 हजार, हॉलोवेला 22 लाख 90 हजार. दोन्ही आकडे नेमके आपापल्या टप्प्याच्या वरच्या काठावर बेतलेले होते, म्हणजे खेळाडूला जास्तीत जास्त पैसे आणि ब्लूजला कमीत कमी पिकांचा भुर्दंड. एडमंटनने जुलैत अनुभवी खेळाडूंवर खर्च करून जागा संपवली होती. दोघेही गेले, हातात एक दुसऱ्या फेरीचा आणि एक तिसऱ्या फेरीचा पिक आला. पुढच्याच हंगामात हॉलोवेने 26 गोल आणि 63 गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) केले. एडमंटन विजेता नव्हता, उपविजेता होता, पण जूनअखेरपर्यंत खेळणाऱ्या प्रत्येक संघाला हा धोका असतो. म्हणून तक्त्यात आधी तरुणांची रक्कम बाजूला काढा, पाहुण्यांचं नंतर बघा.

पगारावर एकमत न झाल्यास लवादाचा मार्गही असतो. 2010 मध्येच गोलरक्षक निएमीला लवादाने साडेसत्तावीस लाख ठरवून दिले, शिकागोने ते नाकारून त्याला सोडलं आणि 13 लाखांत टर्कोला आणलं. त्याआधी सॅन होजेने बचावपटू यालमार्सनला चार वर्षांची 1 कोटी 40 लाखांची ऑफर शीट दिली होती, ती शिकागोने स्वीकारून त्याला राखलं. निएमीसाठी पैसे उरले नाहीत ते त्यामुळे. निएमी सॅन होजेलाच गेला. टर्को फारसा चालला नाही, पण हंगामात कोरी क्रॉफर्डने जागा पटकावली. यालमार्सन पुढच्या दोन्ही कपांमध्ये होता. गोलरक्षकापेक्षा तरुण बचावपटू निवडला, तो निर्णय फळला.

धरायचा की सोडायचा

कागदाची पाठ उलटा आणि मोकळ्या झालेल्या प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: वय, मागितलेली वर्षं, नेमबाजीची टक्केवारी, आणि तो नसेल तर त्याची जागा कोण घेईल.

नेमबाजीची टक्केवारी म्हणजे गोल भागिले गोलवर मारलेले फटके. लीगची सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास. सॅम राइनहार्टने 2023-24 मध्ये 57 गोल केले, साडेचोवीस टक्क्यांनी. हे दर वर्षी होणारं नव्हे. 57 गोलांचा भाव मोजला असता तर करार फसला असता. फ्लोरिडाने आठ वर्षं 86 लाख 25 हजारांनी त्याला राखलं, आणि पुढच्या वर्षी त्याचे गोल 39 झाले. 39 गोल आणि दोन्ही बाजूंचा खेळ याला तो दर रास्त होता. प्लेऑफमधल्या वीस-पंचवीस सामन्यांवरून भाव ठरवला की हमखास फसगत होते.

वयाचं उदाहरण नाझेम काद्रीचं. 2022 मध्ये कोलोरॅडो ॲव्हलांशने कप जिंकला, तेव्हा काद्रीने नियमित हंगामात 87 गुण मिळवले होते, करार संपत होता आणि ऑक्टोबरात तो 32 वर्षांचा होणार होता. कॅल्गरीने सात वर्षं 70 लाखांनी दिली. तिथे पहिल्या वर्षी त्याचे 56 गुण झाले. कोलोरॅडोने ती किंमत दिली नाही ते बरोबरच, कारण त्यांचा बडा खेळाडू मॅकिनन 63 लाखांवरून 1 कोटी 26 लाखांवर जाणार होता. पण चौथा रकाना त्यांनी रिकामा सोडला. दुसऱ्या फळीच्या सेंटरची (मधल्या आघाडीपटूची) जागा घरातल्यांवर भागवली, पुढच्या वसंतात सिएटलकडून पहिल्याच फेरीत हरले, आणि त्या जागेसाठी आधी मिटेलस्टॅट, मग ब्रॉक नेल्सन असे ट्रेड करत 2025 उजाडलं. विंगर (कडेचे आघाडीपटू) मिळतात, सेंटर मिळत नाहीत. माणूस सोडणं एक गोष्ट, जागा उघडी टाकणं दुसरी.

तिसरी फळी पूर्ण जाते तेव्हा काय होतं, ते टँपा बे लाइटनिंगकडे पाहा. 2021 ला सलग दुसरा कप जिंकल्यावर गूर्ड सिएटलच्या विस्तार ड्राफ्टमध्ये (नव्या संघाने इतर संघांचे खेळाडू उचलण्याच्या फेरीत) गेला, कोलमन कॅल्गरीला 49 लाखांवर सहा वर्षांसाठी, गुड्रो न्यूयॉर्क रेंजर्सला तेवढ्याच वर्षांसाठी. मर्यादा तीन हंगाम 8 कोटी 15 लाखांवरच थांबली होती. त्या तिघांना राखायचं तर ब्रेडन पॉइंट किंवा कुचेरोव्ह या बड्या खेळाडूंना हात लावावा लागला असता. टँपाने कणा राखला आणि 2022 मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली, तिथे कोलोरॅडोकडून सहा सामन्यांत हरले.

वर्षं जितकी जास्त तितकी सरासरी खाली, म्हणून संघ लांब करार देतात. मार्शांडला 2025 मध्ये वयाच्या 37 व्या वर्षी सहा वर्षं मिळाली. करार संपेल तेव्हा तो 43 चा असेल. दिसायला वेडेपणा, पण साडेबावन्न लाख हा दर त्याशिवाय निघाला नसता. एकब्लाड तर 75 लाखांवरून 61 लाखांवर आला. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, तेही अशा बोलण्यांत कामी येतं. टेक्सास, नेवाडा, टेनेसी, वॉशिंग्टनलाही हा फायदा आहे. आपल्या खेळाडूला आठ आणि बाहेरच्याला सात वर्षं हा नियम सप्टेंबर 2026 पासून सात आणि सहा असा होतो, तेव्हा जुन्या उदाहरणांवरून नवे आकडे काढताना सांभाळा.

शेवटी रक्कम मर्यादेच्या टक्केवारीत लिहा. जानेवारी 2025 मध्ये लीगने पुढच्या तीन हंगामांचे आकडे एकदम जाहीर केले: 9 कोटी 55 लाख, 10 कोटी 40 लाख, 11 कोटी 35 लाख. बेनेटचे 80 लाख पहिल्या वर्षी 8.4 टक्के, तिसऱ्या वर्षी 7 टक्के. 2020 च्या थिजलेल्या मर्यादेत जो करार गळफास ठरला असता तो आता पेलतो. जुने करार आणि नवे करार नुसत्या डॉलरात तोलू नका.

ट्रेडच्या आधी कलमं वाचा

‘अमक्याला विका’ म्हणण्याआधी नो-मूव्ह आणि नो-ट्रेड ही कलमं तपासा. नो-मूव्ह असेल तर खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड नाही, वेव्हर्स नाही, खाली पाठवणं नाही. मर्यादित नो-ट्रेडमध्ये तो ठरावीक संघांची यादी देतो. निम्मे काल्पनिक ट्रेड या एका तपासणीत गळून पडतात.

स्वस्तातली भरती

2024 च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाने माँटूर, एकमन-लार्सन, टारासेंको, स्टेनलुंड, लोंबर्ग आणि दुसरा गोलरक्षक स्टोलार्झ एवढे गमावले. माँटूरला सिएटलने सात वर्षं 71 लाखांनी दिली. त्या जागी श्मिट एका वर्षाला 8 लाखांत, ग्रीअर वर्षाला साडेआठ लाखांत, शिवाय नोसेक आणि येस्पर बोक्विस्ट. एकही नाव मोठं नाही, आणि जून 2025 मध्ये कप पुन्हा त्यांच्याकडेच. पद्धत अशी: करार एक-दोन वर्षांचाच, काम नेमकं एक (पेनल्टी किल म्हणजे एक खेळाडू कमी असतानाचा बचाव, फेसऑफ म्हणजे खेळ सुरू होताना चकती मिळवणं, किंवा बचावाच्या तिसऱ्या जोडीतली डावी बाजू), आणि माणूस जिंकायला आसुसलेला. खेळाडू विजेत्या संघात कमी पैशात येतात, ही सवलत फक्त विजेत्यालाच मिळते, ती पुरेपूर वापरावी.

या भरतीत एकूण 50 करारांची मर्यादाही सांभाळा. त्यात एएचएलमधलेही मोजले जातात.

जखमींची यादी

जूनअखेरपर्यंत खेळलेल्या संघाचा हिशेब सप्टेंबरात पुन्हा मांडावा लागतो. 2025 च्या उन्हाळ्यात टकाचुकला जांघेच्या स्नायूची शस्त्रक्रिया लागली, आणि सराव शिबिरात बार्कोव्हच्या गुडघ्याचे स्नायुबंध फाटले. अशा वेळी दीर्घ दुखापतीची यादी, एलटीआयआर, मर्यादेबाहेर जायची मुभा देते (2025-26 पासून खेळाडू उरलेला हंगाम आणि प्लेऑफ मुकणार असेल तरच पूर्ण रकमेपर्यंत, परतणार असेल तर लीगच्या सरासरी पगारापर्यंतच), म्हणून तक्त्यात जखमी खेळाडू खोडू नका, त्याच्यापुढे परतीची तारीख लिहा. पूर्वी प्लेऑफमध्ये मर्यादा लागूच नव्हती: 2021 ला कुचेरोव्ह आख्खा नियमित हंगाम बाहेर राहून प्लेऑफला परतला आणि 32 गुणांसह सर्वांत पुढे राहिला. 2025-26 पासून प्लेऑफच्या सामन्यात उतरणाऱ्या संघाची बेरीजही मर्यादेत बसावी लागते. त्यामुळे मार्चच्या ट्रेड डेडलाइनला तक्ता दोनदा बेरजा: एकदा जखमी बाहेर धरून, एकदा एप्रिलमध्ये उतरणारे 20 जण धरून.